कुजबुजेंची वही

पस्तीस वर्षं ते विंगेत स्टुलावर बसले. मांडीवर संहिता, आणि अडखळणाऱ्या नटाला हळूच पुढचं वाक्य पुरवायचं, हेच काम. मंडळी त्यांना कुजबुजे म्हणत. पुढे तेच आडनाव होऊन बसलं. नायिकेची कामं करणारी त्यांची बायको तेवढी बजावायची, "अहो, माझ्या वाटेला जाऊ नका. मी चुकले तरी खणखणीत चुकेन." आणि खरंच, तिचा आवाज शेवटच्या रांगेत घोरणाऱ्यालाही उठवून बसवी.

ती गेली आणि मुलाने त्यांना परदेशी आपल्या घरी नेलं. सून तिथली, नातही तिथलीच. मुलगा संध्याकाळी दमून येई, "जेवलात का बाबा?" एवढं मराठीत विचारी आणि खोलीत जाई. बाकी दिवसभर कानावर पडणारी भाषा भिंतीपलीकडच्या तालमीसारखी. सूर कळे, शब्द कळत नसे.

मग त्यांनी त्या भाषेचा वर्ग लावला. आठवड्यातून दोन दिवस, चार वर्षं. शिकायची रीत मात्र विंगेतलीच. वहीच्या डाव्या पानावर समोरच्याचं वाक्य, उजव्या पानावर आपलं. डॉक्टर काय म्हणतील, बसचा चालक काय विचारेल, सगळं लिहून पाठ. दुसरा बोलू लागला की यांचे ओठ हलत. डॉक्टरांना वाटलं, म्हातारा आपली नक्कल करतोय. आणि डॉक्टरांनी वहीबाहेरचं काही विचारलं, की कुजबुजेंची बोलती बंद.

एवढा खटाटोप एकाच गोष्टीसाठी होता. नातीला तिची आजी सांगायची होती. मोडकीतोडकी नव्हे, चांगली रंगवून. भर प्रयोगात दाराची चौकट अंगावर कलंडली, तेव्हा आजीने ती एका हाताने धरून अख्खा प्रवेश कसा निभावला, ती गोष्ट. भाषा नीट आली की सांगू, असं म्हणता म्हणता पाच वर्षांची नात नऊची झाली.

शेवटी एकदा शिक्षिकेने त्यांना वर्गानंतर थांबवून घेतलं. वयाने लेकीसारखी, बोलायला मऊ. पाठ केलेलं आजोबा झकास म्हणतात, पण वर्षभर गाडी एकाच स्टेशनात उभी आहे, आणि बहुतेक तिथेच राहील, असं तिने सांगितलं. मग म्हणाली, "वाट नका पाहू. आहे तेवढ्यात सांगा."

परतताना ते बागेतल्या बाकावर टेकले. शेजारी दोन म्हातारे कशावर तरी पोट धरून हसत होते. कुजबुजेंना सगळे शब्द ऐकू आले, विनोद तेवढा निसटला. या बाकावर आपण शेवटपर्यंत पाहुणेच, हे त्यांनी त्या दुपारी मनाशी कबूल केलं. कबूल केल्यावर पाय जरा हलके झाले. छाती मात्र जडच राहिली.

रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्यांनी नातीला समोर बसवलं आणि वही उघडली. डाव्या पानावर तिचीही वाक्यं लिहिलेली होती. 'मग?' 'आजी घाबरली नाही?' पण नातीने भलतंच विचारलं.

"तिचा आवाज कसा होता?"

एक पान उलटलं, दुसरं उलटलं. हा प्रश्न कुठेच नव्हता. ओठांवर शब्द आला तो मराठी, आणि तिथल्या भाषेत त्याला बसायला जागा सापडेना. नातीने वाट पाहिली. मग पुढे वाकून, अगदी हळू आवाजात, एकेक शब्द पुढे करू लागली. बारीक? जाड? गोड? मोठा?

उभ्या जन्मात कुणी त्यांना शब्द पुरवला नव्हता. यातला एकही बायकोच्या अंगाला बसत नव्हता. पण विंगेतून आलेलं वाक्य उचलायचं असतं, त्यावर वाद घालायचा नसतो, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"मोठा," ते म्हणाले, आणि वही मिटली. "खूप मोठा. दार पडलं. आजीने धरलं. एका हाताने." उठून त्यांनी स्वयंपाकघराचं दार खांद्यावर तोलून दाखवलं.

नात खुदकन हसली. थोड्या वेळाने उडी मारून खेळायला पळाली.

कुजबुजे दार धरून तसेच उभे राहिले. समोर दोन खुर्च्या, दोन्ही रिकाम्या.

"खणखणीत," ते म्हणाले. विंगेतून म्हणत तसंच, हळू.