दाऊदभाईंच्या आवाजातली घरघर

दुकानदाराने काहीही पुढे केलं की दाऊदभाई ती वस्तू उलटसुलट करून बघत आणि परत ठेवत. "घेईन रे, पण आधी अडू दे." त्यांचा मोबाइल रबरबँडने बांधलेला असे. अजून अडलं नव्हतं.

जेद्दात शराफिया भागात आम्ही एका खोलीत राहत होतो. ते रत्नागिरीकडचे, बंदरावर माल सोडवणाऱ्या एका कचेरीत कामाला. मी नाशिकचा, कॉम्प्युटर नेटवर्कवाला. दर शुक्रवारी नमाज आणि जेवण उरकलं की ते लॅपटॉपपुढे बसून रहस्यकथा मोठ्याने वाचत आणि रेकॉर्ड करून गावी आईला पाठवत. म्हातारी वाचनवेडी, पण काचबिंदूने तिचे डोळे गेलेले. कथेत प्रेमाचा प्रसंग आला की दाऊदभाई खोकत आणि दोन पानं उलटत. "आईसमोर कसं वाचायचं ते? काही लाज आहे की नाही?" आईचा लगेच उलट निरोप येई, "मधली पानं कोणी खाल्ली?"

एकदा वेगळाच निरोप आला. "दाऊद, तुझ्या आवाजात घरघर येते. शब्द लागत नाहीत. राहू दे आता, नको पाठवूस."

त्यांचा चेहरा उतरला. "उभं आयुष्य इकडे काढलं. तिचे डोळे गेले तेव्हाही जवळ नव्हतो. एवढं एक वाचून दाखवत होतो, तेही धड जमेना. लाज वाटते रे मला." मग म्हणाले, "ते साउंड कार्ड की काय असतं, त्याने जाईल का ही घरघर?"

आम्ही दोघांनी ते रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. घरघर कुठे ऐकूच येईना. तरी मी तज्ज्ञाच्या थाटात सांगितलं, "लॅपटॉपच्या आतलं कार्ड ऐकण्यापुरतं ठीक असतं. रेकॉर्डिंगला बाहेरून लावायचं वेगळं घेतलेलं बरं."

"म्हणजे अडलंय?"

"अडलंय, दाऊदभाई."

त्यांनी मुकाट्याने कार्ड घेतलं आणि नवी कथा वाचून पाठवली. आईचं उत्तर आलं, "अजून आहे. डॉक्टरला छाती दाखवून ये."

कार्ड परत करावं की माइकही बदलावा, यावर आमचा खल चालला होता आणि तीच कथा लॅपटॉपवर लावलेली होती. तेवढ्यात इमारतीची वीज गेली. दिवा गेला, खिडकीतला एसी थांबला. लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालूच राहिला, आणि बंद पडलेल्या एसीची घरघर दाऊदभाईंच्या आवाजामागून स्पष्ट येत राहिली. इथे बारा महिने तो चालतो, आम्हाला तो ऐकू यायचा कधीच थांबला होता. मला मान वर करवेना.

ते माझ्यावर रागावले नाहीत. घाम पुसत बसून राहिले. "तिला तिकडे बसून ऐकू आलं, आणि मला उशाशी असून नाही. आणखी काय काय ऐकू येईनासं झालं असेल, कोणास ठाऊक."

पुढे ते एसी बंद करून, खांद्यावर ओला टॉवेल टाकून वाचत. कान लाल होत, पण पानं गाळणं थांबलं. काही महिन्यांनी त्यांनी कफीलला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाला, सांगून फायनल एक्झिट घेतली, कायमचं गावी परतायला. मी कारण विचारलं तर म्हणाले, "तिच्याजवळ बसून वाचायला जातो. आता खरं अडलंय." कार्ड त्यांनी माझ्यासाठी ठेवलं. ते अजून कपाटात पडून आहे.

गेल्या शुक्रवारी नाशिकला घरी फोन लावण्याआधी मी एसी बंद केला, उगाच, त्यांची आठवण झाली म्हणून. आई नेहमीसारखी शेजारपाजारचं सांगू लागली. पण दर दोन वाक्यांनी तिला थांबून श्वास घ्यावा लागत होता.

"आई, तुला दम लागतोय का? कधीपासून?"

"दिवाळीपासून," ती म्हणाली. "तेव्हाच सांगितलं होतं की रे. तू 'हो, हो' म्हणालास."