बंद दारामागची दुपार

‘काकाला काय झालं तर तुमी हितनं बाहेर पडत न्हाय, मॅडम,’ सागर म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही, त्यामुळे मला जास्तच भीती वाटली.

बारामतीच्या एका खाजगी हॉस्पिटलात मी तेव्हा आयसीयू बघायचे. सागरचे काका नामदेवराव जवळच्या कन्हेरी गावचे. आदल्या सकाळी गोठ्यात धार काढताना छातीत दुखून खाली बसले. पित्त असेल म्हणून घरच्यांनी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. हृदयाची बंद पडलेली रक्तवाहिनी आम्ही अँजिओप्लास्टी करून उघडली, पण तोवर बराचसा स्नायू मेला होता. रक्त ढकलायची ताकदच उरली नव्हती. याला आम्ही शॉक म्हणतो. विजेच्या शॉकशी त्याचा संबंध नाही. बीपी इतकं पडतं की किडनी, मेंदू, एकेक करून सगळंच थांबत जातं. व्हेंटिलेटर चालू होता, औषधं फुल डोसमध्ये चालू होती आणि तरी बीपी खालीच चाललं होतं.

बाहेर माणसं वाढत होती. इंदापूरकडचे पाहुणे जीप भरून आले. खिडकीतून पाहिलं तर पार्किंगमध्ये पाय ठेवायला जागा नाही. डॉक्टरांवर हात उचलणं अजामीनपात्र गुन्हा आहे, असा बोर्ड आमच्या भिंतीवर होता. त्याच्याच खाली पाठ टेकून चार जण उभे होते.

आत सुनंदा सिस्टर रिकामे सलाईनचे स्टँड एकेक करून स्टोअररूममध्ये ठेवत होत्या. मागच्या वर्षी दुसऱ्या एका पेशंटच्या नातेवाइकाने तसलाच लोखंडी स्टँड त्यांच्या हातावर मारला होता. दोन बोटं अजून नीट मिटत नाहीत. मी गळ्यातला स्टेथोस्कोप काढून खिशात ठेवला, कारण तो ओढून गळा आवळता येतो. कॉलेजात हे कुणी शिकवलं नव्हतं.

हॉस्पिटलच्या मालकांचा, म्हणजे सरांचा, फोन आला.

‘रेफर करा. पुण्याला पाठवून द्या.’

‘सर, पाटसच्या पुढे जिवंत पोचणार नाहीत ते.’

‘मग रस्त्यात जाऊ देत. आपल्याकडे नको.’

रेफर म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात पाठवणं. पण पुण्याला यांना आणखी काही मिळणार नव्हतं. मरण फक्त ॲम्ब्युलन्समध्ये ढकललं गेलं असतं. खरं सांगते, मला मोह झाला. एक सही केली की ही गर्दी गाडीमागे निघून गेली असती आणि मी घरी गेले असते. पण गाडीत बरोबर कोण जाणार? आमचीच एखादी सिस्टर. जेजुरीच्या नाहीतर पाटसच्या रस्त्यावर, चिडलेल्या नातेवाइकांमध्ये एकटी.

‘मी पाठवत नाही,’ मी म्हणाले. ‘तुम्ही इकडे या आणि पोलिसांना सांगा.’

मग मी सागरला आणि नामदेवरावांच्या बायकोला माझ्या खोलीत बोलावलं. टेबलावरची कात्री, पेपरवेट ड्रॉवरमध्ये टाकलं. वेळ आली तर पटकन बाहेर पडता यावं म्हणून दाराजवळची खुर्ची मी घेतली. सिक्युरिटीवाल्याला दारातच उभं राहायला सांगितलं.

‘काकू, ते जगणार नाहीत,’ मी म्हणाले. ‘आता थोडा वेळच आहे.’

सागर ताडकन उठला. खुर्ची मागे भिंतीवर आदळली. ‘कालपास्नं आत काय चाललंय कुणाला म्हाईत? आमाला दारात उभं केलंय कुत्र्यावानी!’

तो खोटं बोलत नव्हता. कालपासून त्यांना कुणी आत घेतलं नव्हतं.

‘आत चल,’ मी म्हणाले. ‘तू आणि काकू. बघ काय चाललंय ते.’

आयसीयूच्या दारात सुनंदा सिस्टरांनी सागरला माझ्याबरोबर पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. आम्ही आत पोचलो आणि मॉनिटर वाजायला लागला. हृदय थांबलं होतं. मी छाती दाबायला सुरुवात केली. थकल्यावर सिस्टर पुढे झाल्या, त्याच मोडक्या बोटांनी. सागर माझ्या पाठीशी, हाताच्या अंतरावर उभा होता. त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. कुठल्याही क्षणी केसांना हात पडेल, असं वाटत होतं.

बऱ्याच वेळाने काकू म्हणाल्या, ‘आता बास करा. हाडं मोडतील त्यांची.’

सागर बेडजवळ गेला आणि काकांच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागला.

बातमी बाहेर गेल्यावर कुणीतरी ओरडलं, दाराची काच फुटली, माणसं आत घुसायला लागली. सिस्टर कोपऱ्यात सरकल्या. सागर दारात आडवा उभा राहिला. ‘म्या बघितलंय! आत हुतो म्या! मागं व्हा!’ तरी दोघं-तिघं त्याला रेटत होते. पोलीस आणि सर पोचेपर्यंत तो तसाच उभा होता. कुणाला लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सरांकडे तीन गोष्टी मागितल्या. आतून बंद होणारं दार, नातेवाइकांशी बसून बोलायची वेगळी खोली आणि आणखी एक सिक्युरिटीवाला. दार आणि खोली मिळाली. माणूस मात्र मिळाला नाही, बजेट नाही म्हणाले. आता नातेवाइकांना दर थोड्या वेळाने आत आणून पेशंट दाखवतो. भांडणं कमी झाली आहेत. भीती आहे तशीच आहे, आणि ती असल्यामुळे मी अजूनही दाराजवळचीच खुर्ची घेते.