तेजलचा प्रोजेक्ट आणि सावेकाकांचं घड्याळ

तेजलने एक अक्षर बदलून सेव्ह केलं की तिचं मशीन अख्खा प्रोजेक्ट पहिल्यापासून बांधायला, म्हणजे लिहिलेल्या कोडचं चालतं सॉफ्टवेअर करायला, लागायचं. नऊ मिनिटं. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून चूलच नव्याने मांडण्यातला प्रकार. बोईसरला नवापूर रस्त्यावर, बॅटरीच्या दुकानाच्या डोक्यावर ही चार टेबलांची कंपनी. तारापूरच्या कारखान्यांना गेटपासचं सॉफ्टवेअर जावा या कॉम्प्युटरच्या भाषेत करून द्यायची. तेजल एडवणहून यायची, सहा महिन्यांच्या बोलीवर लागलेली. शुक्रवारी सॉफ्टवेअर कारखान्याला दाखव, नाहीतर घरी बस, असं मालकांनी तिला चहा पाजून सांगितलं होतं. चहा निदान गोड होता.

मालक म्हणजे दिनानाथ सावे, सगळ्यांचे सावेकाका. तीस वर्षं एका कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. जावातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, वेळ मात्र कळायची. पोरगी हळू आहे, असा निकाल त्यांनी कधीच लावून टाकला होता.

तेजलने सगळं करून पाहिलं. प्रोजेक्ट पुसून परत आणला, सेटिंग उलटीपालटी केली, नेटवर कुठल्याकुठल्या देशांतल्या लोकांची रडगाणी वाचली. दुःखाला सोबत मिळाली, उपाय नाही. शेजारच्या टेबलावरच्या प्रीतमने मशीनपुढे नारळ फोडायला सांगितलं. बुधवारी तिने तोही फोडला. खोबरं प्रीतमने खाल्लं, आणि मशीन प्रोजेक्ट पुन्हा नऊ मिनिटं बांधत बसलं. तेव्हा मात्र तिला रडू आलं.

गुरुवारी ती वैतागून खाली चहाला गेली आणि अर्धा तास हललीच नाही. परत येऊन एकदा बांधून घेतलं, तर नंतर कितीही वेळा चालवलं तरी मशीन परत न बांधता गपगुमान चाललं. अक्षर बदललं, पुन्हा तोच तमाशा. पुन्हा चहा, पुन्हा गुण. तिसरा चहा नको झाला तेव्हा तिने खाली न जाता नुकत्याच सेव्ह केलेल्या फाइलवरची वेळ वाचली: अकरा बेचाळीस. तिच्या मशीनवर तेव्हा साडेअकरा वाजले होते.

सगळ्या फाइली काकांच्या केबिनमधल्या मोठ्या मशीनवर असायच्या. पोरं उशिरा येऊ नयेत म्हणून काकांनी भिंतीवरचं घड्याळ बारा मिनिटं पुढे ठेवलं होतं, आणि त्याच धोरणाने ते मशीनही. तेजलचं मशीन बिचारं, फाइल आपल्या बांधकामापेक्षा नवी दिसते म्हणून दर वेळी सगळं पाडून बांधत होतं.

ती तडक केबिनमध्ये गेली.

"माझं घड्याळ चुकत नाय," काका म्हणाले. "तीस वर्षं अख्खा कारखाना त्याच्यावर आत आला."

"चुकत नाय काका, मुद्दाम खोटं बोलते. ते मागं करा, नायतर उद्या तुमीच दाखवा."

घड्याळ मागे केलं तर प्रीतम दुपारीच उगवेल, असं काकांचं म्हणणं. ते हटेनात. मग तेजलने चारही टेबलांवरची मशीनं बारा मिनिटं पुढे ओढली. सगळेच एकसारखं खोटं बोलायला लागल्यावर भांडण मिटलं. अक्षर बदललं, चार सेकंदांत काम झालं.

शुक्रवारी कारखान्याच्या साहेबाने तीन चुका काढल्या. त्याच्यासमोर बसून तिने त्या तिथल्या तिथे दुरुस्त केल्या. तो खूश होऊन गेला.

काकांनी तिला बोलावून पर्मनंट केल्याचं सांगितलं, आणि सोमवारी नऊला वेळेवर यायला बजावलं.

"तुमच्या वेळेवर का खऱ्या?" तिने विचारलं.

काकांनी नीट विचार केला.

"यायचं माझ्या," ते म्हणाले, "जायचं खऱ्या."