शालीकरामांचा वानोळा

गोरेगावजवळच्या एका खेड्यात शालीकराम टेंभरे एकटे राहत. धानाची शेती त्यांनी पुतण्याला वाट्याने दिली होती; स्वतःकडे फक्त घरामागची भाजीपाल्याची बाडी ठेवली होती. पत्नी सुलोचनाबाई गेल्यावरही वालाचा मांडव ते पूर्वीएवढाच घालत. शेंगा लगडून येत, आणि अडचण तिथेच होती. गावात प्रत्येक घराला बाडी. वानोळा म्हणून घरच्या चार शेंगा भेट घेऊन जावं तर शेजारीण रुख्मा म्हणे, "भाऊजी, आमच्याच शेंगा गाई खाऊन राहिल्या. तुमच्या कायले आणता?"

१९५७ च्या जानेवारीत आमच्या गोंदियाच्या बागवान मंडळाने त्यांना व्याख्यानाला बोलावलं. दर महिन्याला शाळेच्या हॉलमध्ये कुणी पाहुणा येऊन फळझाडांवर, भाजीपाल्यावर बोले. बहुधा अधिकारीच येत आणि खतांची नावं सांगून जात. आमचे चिटणीस मुन्नालाल धान खरेदीला गोरेगावकडे गेले असताना त्यांनी हा मांडव पाहिला होता.

शालीकराम आले ते बांबूची टोपली शेंगांनी भरून घेऊन. टेबलामागे उभे राहायला तयार होईनात. पहिल्या रांगेसमोर उभे राहून बोलू लागले.

"आमची बुढी म्हणते, वेलावर माव्याची कीड पडली का राख टाका. मी म्हणतो, सकाळी टाक, दवात चिकटते. आयकतच नाही. भर दुपारी टाकते, अन् सारी राख माह्या डोळ्यात."

हॉल हसला. मुन्नालाल म्हणाले, "अगली बार भाभीजी को भी लाइए. असली भाषण तो वही देंगी."

"ती कशी येईल जी? तिले जाऊन तीन वर्षं झाले."

मुन्नालाल टेबलावरचे कागद सारखे करू लागले. शेवटी शालीकरामच म्हणाले, "चूप काऊन झाले? वानोळा आणला, घ्या ना." मग रांगेरांगेतून फिरून त्यांनी ओंजळीओंजळीने शेंगा वाटल्या. कुणी नको म्हटलं नाही. एका बाईंनी आणखी मागितल्या तेव्हा त्यांचा चेहरा असा उजळला, की जुलैत वाल पेरण्यावर बोलायला पुन्हा या म्हणताच ते लगेच हो म्हणाले.

टोपली मात्र हॉलवरच राहिली. मुन्नालाल टापटिपीचे. पाहुण्याने आणलेली भाजी म्हणजे नमुना, आणि नमुन्याचं भांडं परत करायचं, असा मंडळाचा शिरस्ता. त्यांनी टोपली स्वच्छ धुवून, वाळवून, आभाराच्या चिठ्ठीसह पोचती केली. रिकामी.

वानोळ्याचं भांडं आपल्याकडे रिकामं परत जात नाही. मूठभर तांदूळ, गुळाचा खडा, काहीतरी त्यात पडतंच. रिकामं भांडं म्हणजे पुरे झालं, आता पाठवू नका.

जुलैत व्याख्यान ठरलं, हॉल भरला, शालीकराम आले नाहीत. "बुढ़ऊ भूल गए होंगे," मुन्नालाल म्हणाले. पुढच्या रविवारी मी मोटारीने गोरेगावला आणि तिथून बैलगाडीने त्यांच्या गावी गेले.

मांडवाच्या जागी रुख्माची म्हैस बांधलेली होती. शालीकरामांनी खाट टाकली, काळा चहा दिला. का आला नाहीत, असं मी विचारलं.

"टोपली रिकामी आली ना जी. समजलो, पुरे म्हणतात. मंग लावू कोणासाठी? माह्या एकट्याचं खाणं ते किती?"

मी मंडळाचा शिरस्ता सांगितला. मुन्नालालांच्या मनात काही नव्हतं, हेही सांगितलं.

"धुवून पाठवली बापा! बुढी असती तं हासून हासून लोळली असती." ते स्वतःही हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

"पेरणीचे दिवस अजून गेले नाहीत," मी म्हटलं.

"बी तं रुख्माले देऊन टाकलं." त्यांनी म्हशीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आणीन तिच्याकडून मागून. तुमच्या घरी खाणारे किती?"

"मी एकटीच."

"मंग एक वेल पुरे," म्हणाले, आणि म्हशीचा खुंटा उपटायला उठले.