साखळी ओढणाऱ्याचा पोरगा

शमशुद्दीनने पंचवीस वर्षं सरकारी मोजणीत साखळी ओढली. साहेब आकडे मांडायचे आणि हा शेताच्या कडेने साखळी ताणत, खुंट्या ठोकत फिरायचा. त्यामुळे कुणी काही सांगू लागलं की ते खरं की खोटं, हे आधी मनात मोजून बघायची त्याला खोडच लागली होती.

महाराजांच्या राज्यात कोल्हापूरची पोरं शिकायला परगावी जाऊ लागली, तेव्हा त्याच्या अल्लाउद्दीनने नकाशे काढायला शिकायचं मनात घेतलं. जागा दोन होत्या, पुण्याचं कॉलेज आणि बेळगावात नवा निघालेला वर्ग. पाठवणं एकदाच जमणार होतं. जागा चुकली तर पोरगाही बापासारखी जन्मभर साखळीच ओढणार.

बेळगावसाठी शेजारचे हंबीरराव हटून बसले होते.

"शमशूभाई, पुणं लांब पडतंय की! बेळगावात माझा मेव्हणाच शिकवतोय. पोरगं घरातच ऱ्हाईल."

ते गेल्यावर शमशुद्दीन बायकोला म्हणाला, "ह्येला आपल्या पोराची काळजी कवापास्नं लागली?"

"चांगलं सांगितलं तरी शंका!" खैरुनबी म्हणाली. "निकाहाआधी माझीबी तीनदा चौकशी केलती तुमी."

"चारदा."

शेवटी त्याने हंबीररावांना सांगितलं, तिथल्या पोरानं काढलेला नकाशा दावा. पुण्याला शिकून आलेल्या मलकापूरच्या आकारामाकडूनही एक मागवला. हंबीररावांसमोरच दोन्ही नकाशे ओट्यावर पसरले. बेळगावचा रंगीत, देखणा; शेताला वळसा घालून शेवटचं माप पहिल्या खुणेला नेमकं येऊन मिळालेलं. पुण्याच्यावर शाईचे डाग होते आणि कोपऱ्यात आकारामने स्वतःच लिहिलं होतं, 'फेरा दोन आणे जुळत नाही.' साखळीचे सोळा भाग असत, त्यातल्या एका भागाला आणा म्हणत.

अल्लाउद्दीनने ते वाचून दाखवलं आणि त्याचा चेहरा पडला. "अब्बा, बेळगावचाच बरा. ह्यात तर चूक हाय."

"बेळगावचं शेत केवढं?"

"बारा एकर. मधनं वढा."

शमशुद्दीन हंबीररावांकडे वळला. "बारा एकराला फेरा मारून मी कधी नेमका पहिल्या खुंटीवर आलो न्हाय. उन्हानं साखळी वाढती, वढ्यावर तिला झोळ पडतो, माझा हात थकतो. जास्त चुकलं तर साहेब परत मोजायला लावायचं, थोडं चुकलं तर लिवून ठेवायचं. तुमच्या मेव्हण्याकडं साखळी कोण वढतंय?"

"म्हंजे?"

"न्हाय, त्येच्या पाया पडावं म्हणतो. का घरातच बसून काडलाय ह्यो?"

हंबीररावांनी नकाशाची गुंडाळी केली. "लई संशयी माणूस तुमी," एवढंच म्हणाले आणि पायात वहाणा सरकवून निघून गेले.

अल्लाउद्दीन पुण्याला गेला. जाताना बापाने बजावलं होतं, "पहिला नकाशा घरी धाड. चुकीसकट."

तीन महिन्यांनी तो नकाशा टपालाने आला. कोपऱ्यात लिहिलं होतं, पाच आणे. शमशुद्दीनने कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला.

"ह्यो त्यानंच काडला असंल न्हवं?"

"पाच आण्याची चूक दुसरं कोण करील?" खैरुनबी म्हणाली. "तुमचाच पोरगा हाय."