आत्याचा फोटो आणि माझी पाठ

काय सांगू तुम्हाला, हसायचं तर हसा. पण गेल्या महिन्यात मी स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच टीव्हीसमोर उभा राहून असा घोळ घातलाय की अमडापूरच्या एस.टी.त बसायचीही लाज वाटते!

अमडापूरला माझी कमलआत्या राहायची. तिच्या गावात एका मराठी सिनेमाचं शूटिंग झालं. त्यांना एक रडणारी आई हवी होती. पोरगी सासरी निघते आणि आई दारात पदर तोंडाला लावते, एवढाच सीन. पण आत्या अशी रडली, अशी रडली, की कॅमेरावालाही डोळे पुसत होता म्हणे!

पुढे त्या सिनेमावाल्यांचा मला फोन आला, आत्यानं माझाच नंबर दिला होता. खामगावात माझं बांगड्यांचं दुकान. बायकांच्या कल्ल्यात एवढंच ऐकू आलं, "आईच्या भूमिकेला नॉमिनेशन आहे, टीव्हीवर बघा."

झालं! सिनेमात आणखी एक आई आहे, नवरदेवाची, मुंबईची मोठी नटी, हे माझ्या टाळक्यात यायला नको? मी अख्ख्या आळीला सांगत सुटलो. आत्याला आणि मामांना, म्हणजे तिच्या यजमानांना, गावाहून बोलावलं. टीव्ही ओट्यावर काढला. आत्या इस्त्रीचं लुगडं नेसून, "सगळ्यायले माहा नमस्कार" असं पुटपुटत भाषणाची तयारी करत बसलेली.

आणि पडद्यावर काय आलं? त्या नटीचा मोठ्ठा चेहरा, अन् मागे दारात आत्याचं अर्धं कोपर! बक्षीस अर्थातच नटीला.

आळीतले एकेक जण चपला शोधायला लागले. शेवटी आत्याच म्हणाली, "कोपर माहंच हाय बरं." हसली. पण चहा न घेताच आत गेली.

त्याच वर्षी हिवाळ्यात आत्या वारली. छातीत दुखायला लागलं, अन् दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

त्यामुळे यंदा त्या बक्षिसांच्या कार्यक्रमाची जाहिरात सुरू झाली, तेव्हा मी बायकोला सांगून टाकलं, "नाही पाहायचा. नावही काढायचं नाही." तीही हो म्हणाली. आणि दुसऱ्याच दिवशी मामांचा फोन!

"संज्या, रविवारी येऊन राह्यलो. आमच्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसतात."

"काऊन मामा? काय हाय रविवारी?"

"अबे, तो बक्षिसायचा कार्यक्रम! त्याच्यात गेलेल्या कलाकारायचे फोटो दाखवतात ना. तुह्या आत्याचा दाखवतीन."

आता याला काय म्हणायचं? एका सीनच्या बाईचा फोटो कोण दाखवतो हो? बायको म्हणाली, "सरळ सांगून टाका त्यायले."

"तूच सांग."

"मी काऊन? आत्या तुमची!"

मग मी फोन लावायचो, मामा हॅलो म्हणायचे, आणि मी कपाशी कशी आहे ते विचारून ठेवून द्यायचो. रोज! शेवटी मामाच म्हणाले, "कपाशीची लयच काळजी पडली तुले."

रविवारी मामा दुपारीच हजर. दाढी घोटलेली, पांढराशुभ्र सदरा. संध्याकाळी कार्यक्रम सुरू झाला. नाच झाले, विनोद झाले. मामांचं कशातच लक्ष नव्हतं. मग स्टेजवरचे दिवे मंद झाले. बासरी वाजू लागली. एकेक काळापांढरा फोटो यायला लागला, आणि मामा हात जोडून पुढे सरकले.

एक चेहरा गेला. दुसरा गेला. मामांच्या जोडलेल्या हातांकडे मला बघवेना. मी उठलो आणि टीव्हीच्या बरोब्बर पुढे जाऊन उभा राहिलो. वायर चाचपायला लागलो.

"सरक ना बे!"

"वायर ढिली झाली मामा."

"चित्र तर चांगलं दिसून राह्यलं होतं!"

"झालंच आता मामा, थांबा जरासे."

बासरी थांबेपर्यंत मी हललो नाही. पडद्यावर साबणाची जाहिरात लागली तेव्हा वळून पाहिलं, तर मामांचा चेहरा असा उतरलेला, असा उतरलेला… माझ्या तोंडून निघूनच गेलं, "मामा, दिसली! आत्या दिसली! आत्ताच गेली!"

मामा ताडकन उठले. लगेच मलकापूरला पोरीला फोन. "तुह्या मायचा फोटो दाखवला गं टीव्हीवर!"

पलीकडून तिचा आवाज खोलीभर ऐकू आला. "नाही बाबा. मीबी पाहूनच राह्यली होती. नाही दाखवला."

मामांनी हळूच फोन ठेवला. बायको स्वयंपाकघरात पळाली. तेव्हा तरी मी तोंड बंद ठेवावं की नाही?

"कशी दिसे रे?" मामांनी विचारलं.

"लय छान, मामा. हसून राह्यली होती. हिरवं लुगडं होतं."

"हिरवं?"

"हाव. हिरवंगार."

"फोटो तर काळेपांढरे होते ना बे."

मला जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. मामा हसले की रडले ते कळलं नाही. डोळे मात्र सदऱ्याच्या बाहीनं पुसले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "असू दे. हिरवंच आवडे तिले."

उठून त्यांनीच टीव्ही बंद केला. मग म्हणाले, "यंदा राहून गेली असन त्यायच्या ध्यानातून. पुढच्या साली दाखवतीन. पण संज्या, तू तवा स्वयंपाकघरात बस."