कारवीच्या काठ्यांची माटवी

लक्ष्मीकाकूंना कुणाचा राग आला की त्या भांडत नसत, त्या माणसाला घरी बोलावून चहा पाजत. "राग लोणच्यासारखो. मुरवचो लागता," म्हणायच्या. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी आमची कॉलनी, आणि आम्ही भिंतीला भिंत लागून शेजारी. गिरणीत काम करणारे काका गेल्यापासून त्या एकट्याच राहत.

आमच्या मागच्या खडकाळ उतारावर कारवी होती. तिथल्या वाऱ्यात ती कमरेच्या वर कधी गेली नाही. सात वर्षं नुसती पानं, मग एकदाच सगळा उतार जांभळा होतो, आणि बी टाकून झुडपं मरतात. मागचा फुलोरा काकूंनी काकांबरोबर पाहिला होता. पुढचा एकटीने का होईना बघायचाच, या एका हट्टावर त्या दिवस काढत होत्या.

श्रावणात कळ्या धरल्या, आणि आमच्या चेअरमननी गणपतीच्या मंडपाला काठ्यांच्या कुडाचा आडोसा हवा म्हणून माणसं लावून अख्खा उतार कापून घेतला. काकू धावत गेल्या.

"अहो काकू, रानच ते. पुढच्या पावसात परत येईल," चेअरमन हसत म्हणाले.

फुलण्याआधी कापलेल्या कारवीचं बीच पडत नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. काकूंनी त्यांना घरी नेऊन चहा दिला. त्यांची कपबशी मी दोनदा विसळली.

गणपतीच्या डोक्यावर रानातल्या फुलाफळांची माटवी बांधायची ही कोकणातली रीत, आणि कॉलनीत ते काम काकूंचं. त्या वर्षी पडदा सरला तर चौकटीला नुसत्या कापलेल्या कारवीच्या काठ्या, टोकाला वाळलेल्या कळ्या. बायका विचारू लागल्या, फुलं कुठायत?

"चेअरमनांक इचारा. डोंगरान यंदा ह्याच दिल्यान," काकू प्रत्येकीला शांतपणे सांगत होत्या. विसर्जनापर्यंत चेअरमन आरतीला मान खाली घालून उभे राहिले. मला फार बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात ते पलीकडच्या डोंगरावरून कारवीचं बी घेऊन आले. काकूंनी ते उतारावर पेरलं, पावसात उगवलंही.

"आता तरी त्या काठ्या उतरवा ना," चेअरमन म्हणाले.

"फुलां इल्यार काढतलंय."

दर गणपतीला त्याच काठ्या वर चढत राहिल्या. फुलं बघायला मात्र काकू राहिल्या नाहीत. शेवटच्या आजारात चेअरमन भेटायला आले, तेव्हा काकूंनी मला खुणेनेच चहा टाकायला सांगितलं.

माटवी आता मी बांधते. उतारावर अजून नुसती पानंच आहेत. यंदा चेअरमन दारात आले, म्हणाले, "त्या गेल्या बिचाऱ्या. आता काठ्या काढून टाकूया."

मी म्हटलं, "आत या ना. चहा घेऊन जा."